रेव्हनस्टाइन : माणसांच्या वाटांचा मोजणीदार

लोकसंख्येच्या भूगोलाचे कोणतेही क्रमिक पुस्तक उघडावे, स्थलांतराच्या प्रकरणात अर्न्स्ट जॉर्ज रेव्हनस्टाइन हे नाव आल्यावाचून राहत नाही. नावापुढे १८८५ हे साल, त्याखाली क्रमांक घातलेले सात-आठ नियम आणि परीक्षेला हमखास येणारी टीप. ती टीप मीही दोन वेळा लिहिली आहे. परंतु हा माणूस कोण, कुठला, त्याने माणसे मोजली ती कशी आणि त्याच्या मोजणीतून निसटली ती कोणती, हे त्या टिपेत मावत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याचे मूळ निबंध वाचावे लागले आणि नियमांपेक्षा नियम करणाराच मला अधिक ओढून घेऊ लागला. कोकणातल्या एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ह्या जर्मन-इंग्रज गृहस्थाचे काय काम, असे कोणी विचारील. ज्या जिल्ह्यात घरटी एक माणूस मुंबईत किंवा आखातात असतो, तिथल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारू नये एवढेच मी म्हणतो.

रेव्हनस्टाइनचा जन्म ३० डिसेंबर १८३४ रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील नकाशे काढणारे आणि नकाशांचे प्रकाशक. शिवाय शरीरसंवर्धनाचे मोठे पुरस्कर्ते. घरात एकीकडे कंपास आणि शाई, दुसरीकडे तालीम. ह्या दोन्ही गोष्टी मुलाला जन्मभर पुरल्या. त्या काळी फ्रँकफुर्ट हे स्वतंत्र नगरराज्य होते. १८६६ साली प्रशियाने ते गिळंकृत केले आणि १८७१ साली ते जर्मन साम्राज्याचा भाग झाले. म्हणजे माणूस लंडनमध्ये आपल्या मेजापाशी बसलेला आणि त्याचे जन्मगाव मात्र जागचे न हलता तीन राज्यांतून फिरून आलेले! जन्मस्थानावरून परदेशी कोण हे ठरवणे किती निसरडे असते हे ह्याहून सोप्या उदाहरणाने सांगता यायचे नाही. आपल्याकडेही फाळणीनंतर लाहोर-कराचीला जन्मलेली लाखो माणसे गणतीच्या रकान्यात परदेशात जन्मलेली ठरली, आणि १९६१ पर्यंत मुंबईतल्या गोंयकाराचे जन्मस्थान पोर्तुगिजांच्या मुलखात मोडत होते.

१८५२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो लंडनला गेला आणि ऑगस्ट पेटरमान ह्या जर्मन नकाशाकाराच्या हाताखाली शिकू लागला. हा योग मोठा चांगला जुळून आला. आदल्याच वर्षी, १८५१ साली, ब्रिटनमध्ये जी जनगणना झाली तिच्यात प्रत्येकाला तुझा जन्म नेमका कुठे झाला हे विचारले गेले होते. (१८४१ साली एवढेच विचारले होते की, ह्याच काउंटीत जन्मलास की बाहेर. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) पेटरमान त्याच गणतीच्या आधारे लोकसंख्येचे नकाशे काढीत होता. कोष्टकातला आकडा जागेवर नेऊन ठेवला की तो बोलू लागतो, ही गोष्ट रेव्हनस्टाइन इथे शिकला असला पाहिजे.

पुढे १८५५ मध्ये तो ब्रिटिश युद्धखात्याच्या नकाशा विभागात लागला आणि १८७२ पर्यंत तिथे राहिला. ह्या विभागाची स्थापना करणारा अधिकारी होता टॉमस बेस्ट जर्व्हिस. हे नाव आपल्या परिचयाचे असायला हवे, कारण १८२० नंतरच्या दशकात दक्षिण कोकणाची मोजणी ह्याच जर्व्हिसने केली आणि पुढे कोकणाचा सांख्यिकी वृत्तान्तही लिहिला. मराठीतून गणिताची पुस्तके करून घेणारा कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तो त्याचा भाऊ. आपल्या खाड्या आणि घाटवाटा मोजलेला माणूस रेव्हनस्टाइनचा पहिला वरिष्ठ होता. त्यातून काही मोठा सिद्धान्त काढायचा नाही. पण वाचता वाचता हे सापडले तेव्हा मला बरे वाटले, हे लपवीत नाही.

लंडनमध्ये जर्मन कारकून, व्यापारी, साखर शुद्ध करणारे कामगार आणि पाववाले मोठ्या संख्येने राहत. त्यांची जी व्यायामसंस्था होती तिचा रेव्हनस्टाइन १८६१ पासून दहा वर्षे अध्यक्ष होता. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ तिची स्वतःची प्रशस्त व्यायामशाळा १८६५ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी पेनी ब्रुक्स आणि जॉन हली ह्या दोघा इंग्रजांबरोबर त्याने राष्ट्रीय ऑलिंपियन संघटना काढली आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला तिचे सामने भरवले. अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकच्या पुरती तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परक्या शहरात आलेली माणसे प्रथम आपल्या गावाची संस्था काढतात. गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या, गोंयकारांचे कूड, मस्कत-दुबईतली महाराष्ट्र मंडळे ही त्याच जातीची. फरक इतकाच की, रेव्हनस्टाइनच्या व्यायामशाळेत इंग्रजांनाही मुक्तद्वार होते, आणि तेही मोठ्या संख्येने येत.

आता मुख्य कामाकडे वळू. विल्यम फार हा त्या काळचा इंग्लंडमधला नामांकित सांख्यिकीतज्ज्ञ. स्थलांतराला काही ठरावीक नियम असल्याचे दिसत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलून गेला. रेव्हनस्टाइनला ते पटेना. त्याने जनगणनेच्या जन्मस्थानाच्या कोष्टकांवर बैठक मारली आणि १८७६ साली एका भूगोल मासिकात पहिला निबंध लिहिला. त्यानंतर १८८१ च्या जनगणनेचे आकडे घेऊन १७ मार्च १८८५ रोजी लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे त्याने जो निबंध वाचला, तोच आपल्या टिपेतला.

त्याची रीत अगदी साधी होती, आणि साधी होती म्हणूनच टिकली. समजा, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा हिशेब मांडायचा आहे. जिल्ह्यात आज राहणारी एकूण माणसे किती हे एका बाजूला लिहावे. जिल्ह्यात जन्मलेली, मग ती आज देशात कुठेही असोत, अशी माणसे किती हे दुसऱ्या बाजूला लिहावे. पहिला आकडा मोठा आला तर जिल्हा माणसे शोषून घेणारा. दुसरा मोठा आला तर माणसे पांगवणारा. रत्नागिरी कुठल्या बाजूला पडेल हे सांगायला रेव्हनस्टाइनची गरज नाही. मग कोणत्या जिल्ह्यातली माणसे कोणत्या जिल्ह्यात सापडली हे पाहून त्याने नकाशे काढले आणि प्रवाह दाखवले. रजिस्टर नाही, नाक्यावर पहारेकरी नाही. एका रात्रीच्या गणतीतून चाळीस-पन्नास वर्षांच्या चालण्याचा माग काढायचा.

निघालेले निष्कर्ष आज आपल्याला ओळखीचे वाटतात, कारण ते आपल्याला पाठ आहेत. त्या काळी ते तसे नव्हते. बहुतेक माणसे लांब जात नाहीत, जवळच जातात. लांब जाणारी बहुधा व्यापाराच्या आणि कारखान्यांच्या मोठ्या केंद्राकडे जातात. प्रत्येक मोठ्या प्रवाहाच्या उलट दिशेने एक लहान प्रवाह वाहत असतो. खेड्यातला माणूस शहरातल्यापेक्षा अधिक हलतो. स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत हा समज तर त्याने आकड्यांनी खोडून काढला. जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त हलतात, आणि त्या घरकामाच्या नोकरीसाठी तशाच कारखान्यांसाठीही जातात, असे त्याने दाखवले. हा नियम आपण भारताला लावतो आणि तो लागूही पडतो. मात्र इथे स्त्रीला हलवते ते लग्न. मुंबईच्या गिरण्यांकडे तर कोकणातला गडी एकटा गेला आणि बायको शेतीवाडी व म्हाताऱ्यांना सांभाळीत मागे राहिली. टिपेत एवढे एक वाक्य अधिक घालावे, अशी माझी विद्यार्थी मित्रांना सूचना आहे.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटला तो टप्प्यांचा नियम. वाढत्या शहराच्या सभोवारची माणसे प्रथम शहरात शिरतात. त्यांच्या मागे जी पोकळी पडते ती आणखी दूरची माणसे येऊन भरतात. त्यांची जागा त्याहून दूरची. असे करता करता शहराची ओढ पार दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. हे पाहायला इंग्लंडला जावे लागत नाही. आमच्या भागातले तरुण मुंबई-पुण्याला आणि आखातात गेले, आणि आज हापूसच्या बागांची राखण, फवारणी आणि काढणी नेपाळहून आलेले गडी करतात. मासेमारीच्या होड्यांवरही ते दिसतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे सरहद्दीवर त्यांची रीतसर नोंदही होत नाही. आंतरराष्ट्रीय स्थलांतर म्हणजे विमानतळ अशी आपली कल्पना असते. ते आमच्या बागेतल्या खोपीत राहते.

त्याच्या निबंधांवरच्या चर्चेत एका सभासदाने असा शेरा मारला की, स्थलांतरात नियमापेक्षा अनियमच अधिक दिसतो. १८८९ च्या दुसऱ्या निबंधात रेव्हनस्टाइननेही मान्य केले की, माणसांचे नियम पदार्थविज्ञानाच्या नियमांसारखे ताठ नसतात, कारण माणूस त्यांत सारखा ढवळाढवळ करीत असतो. हा दुसरा निबंध आपण वाचत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक धाडसाचा आहे. ह्यात तो ब्रिटनबाहेर पडला आणि युरोप व उत्तर अमेरिकेतल्या वीसहून अधिक देशांच्या गणत्या त्याने एकत्र आणल्या.

इथे अडचणींचा डोंगर होता. कोणी देश जन्मस्थान विचारी, कोणी नागरिकत्व. नागरिकत्व विचारले की, वीस वर्षांपूर्वी आलेला आणि नव्या देशाचा नागरिक झालेला माणूस कोष्टकातून नाहीसा होतो. जन्मस्थान विचारले तर तोच मरेपर्यंत परका राहतो. देशातून बाहेर पडलेली माणसे तर त्या देशाच्या गणतीत सापडतच नाहीत, ती दुसऱ्याच्या वहीत शोधावी लागतात. आयर्लंडचेच पाहा. १८४१ साली सुमारे ८२ लाख लोकसंख्या होती. बटाट्याच्या दुष्काळाने लाखो माणसे मेली, लाखो बाहेर पडली आणि १८८१ साली ५२ लाखांच्या आसपास उरली. गेलेली कुठे आहेत? ब्रिटनच्या १८८१ च्या वहीत आयर्लंडला जन्मलेले सुमारे ७ लाख ८१ हजार. अमेरिकेच्या १८८० च्या वहीत सुमारे १८ लाख ५० हजार. दोन वह्या शेजारी ठेवल्यावाचून आयर्लंडचे दुःख आकड्यांत दिसत नाही. आजही संयुक्त राष्ट्रसंघ अशाच वह्या शेजारी ठेवून जगाचा आकडा काढतो, मुख्यतः जन्मस्थानावरून, आणि ते नसेल तिथे नागरिकत्वावरून. २०२४ सालासाठी त्याने जन्मदेशाबाहेर राहणारी माणसे ३० कोटी ४० लाख धरली. यंत्रे बदलली, प्रश्न रेव्हनस्टाइनचाच आहे.

सर्व प्रवाहांची मोजदाद करून झाल्यावर तो ज्या निष्कर्षाला आला तो थोडक्यात असा की, माणसांचे हलणे म्हणजे जिवंतपणा आणि प्रगती, आणि एका जागी बसून राहणे म्हणजे साचलेपण. जुलमी कायदे, जबर कर, वाईट हवामान, गुलामांचा व्यापार ह्यांनीही माणसे हलतात हे त्याला ठाऊक होते. पण सर्वांत मोठी ओढ चार पैसे अधिक मिळवण्याची, आणि ह्या ओढीतून व्यापार-उद्योग वाढतात, असे त्याचे मत.

इथे मी थबकतो. हे मत चूक आहे असे माझे म्हणणे नाही. ते शोषून घेणाऱ्या मुलखाच्या वहीवरून बनलेले आहे, एवढेच म्हणणे आहे. लंडनने किती माणसे घेतली आणि लंडन किती वाढले हे दोन्ही आकडे त्याच्यापुढे होते. पांगवणाऱ्या मुलखात मागे काय झाले, घरी पैसा किती आला, शेत कोणी कसले, म्हातारी कोणी सांभाळली, ह्यासाठी गणतीत रकानाच नव्हता. माझे काका १९९८ ते २०१२ मस्कतला होते. २००१ आणि २०११ च्या आपल्या गणतीत ते नव्हते, आणि आता ते परत आलेले असल्यामुळे जन्मस्थानाच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर हेच गाव. रेव्हनस्टाइनच्या रीतीने पाहिले तर काका कधी कुठे गेलेच नाहीत! आपल्या जनगणनेत १९७१ पासून शेवटचे राहते ठिकाण विचारू लागले, ही त्यावरची सुधारणा. त्या रकान्यात मस्कत येईल. पण त्यांच्या पैशाने घराला स्लॅब पडला, आत्याचे लग्न झाले, माझी फी भरली गेली, आणि त्याच चौदा वर्षांत खाडीकडची भातशेती पडीक पडली, ह्यातले काहीही कुठल्याच रकान्यात येत नाही. हे विकासाच्या बाजूला लिहायचे की ऱ्हासाच्या? आमच्या घरात ह्यावर एकमत नाही. आजी शेताचे नाव काढते, आई फीचे.

मागच्या गावाची वही मांडायचे काम पुढे इतरांनी केले, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. के. सी. झकारिया हे मुंबईला चेंबूरच्या लोकसंख्या-प्रशिक्षण केंद्रात असताना त्यांनी १९६१ च्या गणतीवरून मुंबईत आलेल्यांचा अभ्यास केला. ते पुस्तक १९६८ साली निघाले. ते काम शोषून घेणाऱ्या शहराच्या बाजूचे होते. तीस वर्षांनी त्याच झकारियांनी इरुदय राजन ह्यांच्याबरोबर केरळात उलटी वही मांडली. १९९८ साली तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातर्फे त्यांनी घरोघर जाऊन विचारले : ह्या घरातले कोण बाहेर आहे, केव्हा गेले, पैसे किती पाठवते, त्यांचे काय केले, आणि कोण परत आले? त्या पाहणीत परदेशी असलेल्या केरळीयांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार निघाली. रेव्हनस्टाइनने मोजलेला माणूस जिथे सापडला तिथला होता. इथे मोजला गेला तो गेलेला माणूस, त्याच्या रिकाम्या खाटेवरून. २०२२ साली भारताला परदेशांतून आलेला असा पैसा शंभर अब्ज डॉलरच्या पुढे गेला. तो गावागणिक कुठे मुरतो हे कळायला केरळसारखी पाहणी आपल्या कोकणातही नियमितपणे व्हायला हवी.

रेव्हनस्टाइनचे आणखी एक गणित सांगितले पाहिजे. १८९० मध्ये त्याने पृथ्वीवर एकूण किती माणसे राहू शकतील ह्याचा हिशेब केला. सुपीक जमिनीला चौरस मैली २०७ माणसे, गवताळ रानाला १०, वाळवंटाला १. बेरीज ५९९ कोटी ४० लाख. त्या वेळच्या वाढीच्या वेगाने ही संख्या २०७२ साली गाठली जाईल असे त्याने काढले. प्रत्यक्षात जगाने ती १९९९ मध्येच ओलांडली. पण मला चुकलेल्या सालापेक्षा निबंधाचा विषय अधिक खटकतो. युरोपियनांना वसाहतीसाठी जगात अजून कोणती जमीन शिल्लक आहे, असा तो विषय होता. पूर्व आफ्रिकेचा पंचवीस पत्र्यांचा नकाशा प्रवाशांच्या टिपणांवरून जुळवणाऱ्या ह्या माणसाला तिथली जमीन शिल्लक वाटावी ह्यात त्या काळाचा दोष पुष्कळ आहे, तरी सगळा नाही.

उतारवयात तो इतिहासाकडे वळला. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८९८ साली, कालिकतच्या त्या घटनेला चारशे वर्षे झाली तेव्हा, प्रसिद्ध झाले. १९०८ मध्ये त्याने मार्टिन बेहाइम आणि त्याचा १४९२ चा पृथ्वीगोल ह्यांवर ग्रंथ लिहिला. हा बेहाइमही न्यूरेंबर्गचा, पोर्तुगालला जाऊन राहिलेला. १९०२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे व्हिक्टोरिया पदक पहिल्याने त्यालाच मिळाले, आणि ते नकाशांच्या कामासाठी. स्थलांतराच्या नियमांना त्याच्या हयातीत फारसे कोणी विचारले नाही. त्यांना पुन्हा उजेडात आणले ते मुख्यतः १९६६ साली अमेरिकेतल्या एव्हरेट ली ह्याच्या निबंधाने.

१३ मार्च १९१३ रोजी त्याचा मृत्यू झाला तो लंडनमध्ये नव्हे, फ्रँकफुर्टजवळच्या होफहाइम ह्या गावी. उलट प्रवाहाचा नियम सांगणाऱ्याचा शेवटचा श्वास जन्मगावापासून चार-पाच कोसांवर गेला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. १९११ च्या गणतीत इंग्लंड-वेल्समध्ये जर्मनीत जन्मलेली पन्नास हजारांहून अधिक माणसे होती. त्यांची दुकाने फुटली, पुरुष छावण्यांत कोंडले गेले, पुष्कळांना परत धाडले, आणि युद्धानंतर निम्म्याहून कमी उरली. रोजगाराची ओढ तीच, अंतरही तेच, आणि पन्नास वर्षांत जमलेला प्रवाह चार वर्षांत पुसला गेला. किंग्ज क्रॉसजवळची ती व्यायामशाळा मात्र आजही उभी आहे.